हाफ-टन पुरेल की हेवी ड्यूटीच लागेल? ट्रेलरवाल्यांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं ट्रक आणि ट्रेलरवरच येतात, त्यामुळे या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयातले घेतलेत. (हाफ-टन म्हणजे १५० किंवा १५०० नंबरचा नेहमीचा पिकअप, हेवी ड्यूटी म्हणजे २५० किंवा २५०० पासून वरचे जास्त दणकट पिकअप.) पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीये, कारण तोच घोळ बाकीच्या निम्म्या पत्रांतही आहे.

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही डेन्व्हरला राहतो, नुकताच २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर बुक केलाय, ब्रोशरवर वजन ६,२०० पौंड लिहिलंय. आमच्याकडे हाफ-टन क्रू कॅब आहे आणि सेल्समन म्हणाला हा ट्रक ११,००० पौंड आरामात ओढतो. पण कॅम्पग्राउंडवर भेटलेले एक काका म्हणाले की हा ट्रक पुरणार नाही, हेवी ड्यूटी घ्या. नवरा म्हणतो काका उगाच घाबरवतात. जूनमध्ये सासू-सासरे भारतातून येतायत, त्यांना आणि मुलीला घेऊन युटातल्या मोॲबला आर्चेस नॅशनल पार्क बघायला जायचंय. ट्रकच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो सोबत पाठवतेय. कोणाचं खरं?
— एक वाचक, डेन्व्हर

उत्तर: काकांचं खरं आहे. सेल्समनही खोटं बोलला नाही, पण त्याने सांगितलेला आकडा तुमच्या ट्रिपला लागू होत नाही.

कसं ते बघा. ट्रक किती ओढू शकतो हा आकडा कंपन्या आता एसएई जे-२८०७ नावाच्या स्टँडर्डप्रमाणे काढतात आणि ती टेस्ट चांगली कडक आहे, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ, भर उन्हाळ्याची गरमी, एसी फुल चालू, आणि तरी ठराविक स्पीड टिकवायला लागतो. पण त्या आकड्यात ट्रकमध्ये बसलेली माणसं दोनच धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि ट्रेलरचं पुढचं टोक, म्हणजे टंग, हिचवर (ट्रकला मागे ट्रेलर अडकवतात त्या जोडावर) जे वजन टाकतं ते ट्रेलरच्या १० टक्केच धरतात. मागे सायकली नाहीत, कूलर नाही, जनरेटर नाही, सासू-सासरे तर नाहीतच. इंजिन ११,००० ओढेल हो, प्रश्न ओढण्याचा नाहीच, प्रश्न पाठीवर किती वजन घेणार याचा आहे आणि त्यालाच पेलोड म्हणतात.

तुम्ही फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जे पिवळ्या पट्टीचं टायरचं स्टिकर असतं त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका. तुमच्या स्टिकरवर १,४८० आहे. हा आकडा फक्त तुमच्याच ट्रकचा, त्याच मॉडेलच्या शेजारच्या ट्रकवर १,७०० असू शकतो, कारण सनरूफ, लेदर सीट, मोठी चाकं, फोर व्हील ड्राइव्ह असं जे जे फॅक्टरीतून लावून आलं ते सगळं यातून आधीच वजा झालेलं असतं. जितका ट्रक भारीतला तितका पेलोड कमी, हे लोकांना फार उशिरा कळतं.

आता हिशोब करू. तुम्ही दोघं मिळून ३२० धरा, मुलगी ८०, सासू-सासरे २९०. झाले ६९०. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे टंगचं वजन वाटून देणारा जोड, जो तुमच्या ट्रेलरला लागणारच, तोच ९० पौंडांचा असतो. मागे बेडमध्ये, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या भागात, कूलर, जनरेटर, खुर्च्या, लाकडं वगैरे २०० तरी होतातच. म्हणजे ट्रेलर जोडायच्या आधीच ९८०, उरले ५००.

आणि ट्रेलर ६,२०० पौंडांचा नाहीये. ते ड्राय वेट, फॅक्टरीतून रिकामा बाहेर पडला तेव्हाचं. त्यात पाणी भरलं की एका गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनचे ३३० च्या वर, मग प्रोपेनचे दोन सिलिंडर, बॅटऱ्या, भांडीकुंडी, पांघरुणं, आठवड्याचा किराणा. एवढ्या मोठ्या ट्रेलरमध्ये घरच्यासारखं सामान भरलं की हजार पौंड सहज वाढतात, म्हणून ७,२०० धरा. टंगवर यातलं १० ते १५ टक्के वजन यायला हवं, मी १३ धरतो, म्हणजे ९३६ पौंड. तुमच्याकडे उरलेत ५००. जवळजवळ साडेचारशे पौंड जास्त झाले. सासू-सासऱ्यांना मागून दुसऱ्या गाडीत बसवलं तरी दीडशे जास्तच राहतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिच यातलं थोडं वजन ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतो हे खरं, पण साडेचारशेची तूट तो भरून काढणार नाही.

यावर बरेच जण एक आयडिया लढवतात की ट्रेलरमधलं सामान मागच्या बाजूला सरकवायचं, टंग हलकी होते. कृपा करून हे करू नका. मागे जड झालेली बैलगाडी जशी उलाळ होते तसा ट्रेलरचा तोल मागे जातो आणि मग ६० मैलांच्या स्पीडला बाजूने मोठा मालवाहू सेमी ट्रक गेला किंवा वाऱ्याचा झोत आला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि ते एकदा सुरू झालं की ट्रक सावरणं फार अवघड जातं. टंगचं वजन वाचवायची गोष्टच नाही, ते असायलाच पाहिजे.

त्यात तुमचा रस्ता म्हणजे आय-७०. डेन्व्हरहून मोॲबला जाताना आयझेनहॉवर टनेलमधून जावं लागतं, तो ११,००० फुटांच्या वर आहे. साध्या, बिनाटर्बोच्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्के कमी होते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बोवाल्याला हा त्रास बराच कमी. पण चढाचं मला तितकं वाटत नाही, हळू चढा, उजव्या लेनमध्ये फ्लॅशर लावून चढा, कोणी काही म्हणत नाही. मला काळजी टनेलच्या पलीकडच्या उताराची वाटते. सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांचा उतार आहे आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे रॅम्प केलेत, ते उगाच केलेले नाहीत. तिथे ट्रकचं स्वतःचं वजन, मोठे ब्रेक, जाड ॲक्सल आणि कडक साइडवॉलचे टायर यांचा खरा उपयोग होतो. हेवी ड्यूटी ट्रकच्या चाकाला आठ नट असतात, आजच्या हाफ-टनला सहा, पार्किंगमध्ये एकदा वाकून बघा. नट वाढले ते आतला सगळा सांगाडाच वेगळा आहे म्हणून.

तर तुमच्यापुढे दोन रस्ते. हा ट्रक आवडत असेल आणि बुकिंग बदलता येत असेल तर लहान ट्रेलर घ्या. तुम्ही तिघंच गेलात तर भरलेला ६,००० पौंडांपर्यंतचा चालेल, पाचही जण बसणार असाल तर मात्र ३,८०० च्या आसपासच थांबावं लागेल. आणि हाच ट्रेलर हवा असेल तर २५० किंवा २५०० वाला पेट्रोल ट्रक बघा, वापरलेला चालेल, त्याचा पेलोड बहुतेक वेळा ३,००० च्या आसपास निघतो आणि तुमचे १,९०० त्यात ऐसपैस बसतात. डिझेलला उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे इंजिननेच वेग धरून ठेवण्याचा, मोठा आधार असतो हे मान्य, पण नव्या ट्रकमध्ये त्यासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त पडतात आणि वर्षातून चार-पाच ट्रिपसाठी मी तरी ते देणार नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) नीट सेट करून घ्या, पेट्रोलवर व्यवस्थित निभावतं.

नवीन ट्रक घेतलात तर पहिल्या ट्रिपला निघताना, माणसं-सामानासकट, वाटेतल्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, चढवा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर अशी तीन वेगळी वजनं कागदावर मिळतात, पैसे किरकोळ लागतात. ते आकडे दारावरच्या आकड्यांशी ताडून बघा, विशेषतः मागच्या ॲक्सलचा. घरात वाद मिटवायला त्या कागदाइतकं दुसरं काही चांगलं नाही.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर झालोय, टेक्सासला असतो. १२,५०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा (म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त तेवढ्या वजनाचा) फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचाय आणि वर्षातले पाच-सहा महिने फिरायचंय. डीलर एफ-२५० डिझेल, वरच्या ट्रिमचा, दाखवतोय. हेवी ड्यूटी डिझेल म्हणजे आता वजनाची चिंता मिटली ना?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर: नाही हो, उलट इथेच बारकाईने बघायला हवं. फिफ्थ व्हीलचं वजन ट्रकच्या बेडमध्ये, ॲक्सलच्या जवळ बसतं, म्हणून तो ओढायला स्थिर असतो, पण पिनवर, म्हणजे बेडमधल्या हिचवर टेकणाऱ्या त्याच्या टोकावर, साधारण २० टक्के येतं, कधी जास्तही. १२,५०० चे २,५०० पौंड झाले, वर बेडमधला हिच २०० च्या आसपास आणि तुम्ही दोघं. तीन हजारांच्या पुढे गेलात.

आता डिझेल इंजिन स्वतःच पेट्रोलपेक्षा कित्येकशे पौंड जड असतं, आणि या क्लासच्या बऱ्याच ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० वर थांबवलेला असतो, त्यामुळे वरच्या ट्रिमच्या डिझेल २५० चा पेलोड दोन-सव्वादोन हजारांवर येऊन थांबलेला मी पुष्कळदा बघितलाय. म्हणजे ओढायची ताकद अफाट आणि पाठ भरलेली. तुम्ही ३५० किंवा ३५०० घ्या, मागे एकेरी चाकंवालाच. बाहेरून दोन्ही जवळपास सारखे दिसतात, पूर्ण ट्रकच्या किमतीच्या मानाने फरक थोडा असतो आणि पेलोड साडेतीन-चार हजारांच्या घरात जातो. एकच लक्षात ठेवा, १०,००० च्या वर जीव्हीडब्ल्यूआर गेला की ते पिवळं टायरचं स्टिकर दारावर असेलच असं नाही, मग जीव्हीडब्ल्यूआरमधून काट्यावरचं रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं आणि पेलोड काढायचा. विकत घेण्याआधी डीलरला म्हणावं चला काट्यावर, आणि तो तयार नसेल तर दुसरा डीलर बघावा.

मागे चार चाकांचा ड्युअली तुम्हाला या ट्रेलरसाठी लागणार नाही. त्याची मागची रुंदी आठ फुटांच्या आसपास जाते, ड्राइव्ह-थ्रू आणि कार वॉश दोन्हीचा वैताग होतो. ट्रेलर १५-१६ हजारांवर गेला तर मात्र तोच घ्या. तुम्ही वर्षातले अर्धे दिवस ओढणार म्हणून डिझेल मात्र बरोबर आहे, तिथे पैसे वाचवू नका.

प्रश्न: माझा ट्रेलर छोटा आहे, भरून ४,००० पौंड. ऑफिसला रोज १२ मैल जातो. मित्र म्हणतात घ्यायचाच तर डिझेल हेवी ड्यूटी घे, पुढे कामाला येईल. काय करू?
— एक वाचक, ऑर्लँडो

उत्तर: हाफ-टन घ्या आणि निवांत राहा. ४,००० च्या ट्रेलरची टंग पाचशेच्या आसपास, फ्लोरिडात घाट नाहीत, तुम्हाला काही कमी पडणार नाही. रिकामा हेवी ड्यूटी ट्रक खड्ड्यांवर दणके देतो, पार्किंग गॅरेजमध्ये उंचीला अडतो, आणि ८,५०० पौंडांच्या वरच्या जीव्हीडब्ल्यूआरला खिडकीवरच्या कागदावर मायलेजचा आकडाच नसतो, त्यामुळे शोरूममध्ये अंदाजही येत नाही. शिवाय डिझेलला रोजच्या १२ मैलांचं काम सोसत नाही. एक्झॉस्टमधला फिल्टर काजळीने भरतो, ती जाळायला ट्रक नीट तापून बराच वेळ चालावा लागतो, आणि तेवढं अंतर तुम्ही जातच नाही. पुढे मोठा ट्रेलर घेतलात तर तेव्हा ट्रक बदला.

प्रश्न: हाफ-टनला मागच्या सस्पेन्शनला एअर बॅग (हवेच्या पिशव्या) आणि १०-प्लाय, म्हणजे जास्त जाड, टायर लावले तर पेलोड किती वाढतो?
— एक वाचक, फिनिक्स

उत्तर: शून्य पौंड. एअर बॅगने मागची बाजू दबलेली दिसत नाही, टायरने डोलणं कमी होतं, आणि पेलोडच्या आत असाल तर दोन्ही लावण्यासारखे आहेत, मी नाही म्हणणार नाही. पण ॲक्सल, फ्रेम, ब्रेक, हिच सगळं तेच राहतं आणि दारावरचा आकडाही तोच. उलट बॅगचं आणि जाड टायरचं जे काय वजन वाढलं तेही त्यातूनच वजा धरायचं. आणि हिचवर चिकटवलेलं छोटं लेबलही वाचा, बऱ्याच हाफ-टनवर वेट डिस्ट्रिब्युशन नसेल तर टंगची मर्यादा ५०० पौंडच लिहिलेली असते.