एखादा खेळाडू एकट्याने आपल्या खेळाची पद्धत बदलू शकतो का?

बदलू शकतो, पण त्याने शोधलेली पद्धत इतरांना वापरता यावी, एवढी सोय कोणीतरी आधी करून ठेवलेली असावी लागते. हे मी उंच उडीवरून सांगतो आहे, कारण त्या खेळाशी माझा जुना हिशेब आहे.

डिक फॉसबरीने ऑक्टोबर १९६८ मध्ये मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा बाकीचे बहुतेक स्पर्धक पोट दांडीकडे करून, म्हणजे आपण ज्याला बेली रोल म्हणतो त्या पद्धतीने उडी मारत होते. हा गडी वळणदार धाव घेऊन, दांडीकडे पाठ करून, आधी डोके, मग पाठ आणि शेवटी पाय अशी एकेक गोष्ट पलीकडे नेत होता. शरीराची अशी कमान झाली की त्याचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊनही उडी यशस्वी होऊ शकते. एका पायावरून उसळी घ्यावी, या नियमाला तो कोठेही धक्का लावत नव्हता. शाळेत असताना त्याला बेली रोल जमत नव्हता, म्हणून तो कात्री उडीकडे, म्हणजे कात्रीसारखे एकामागून एक पाय दांडीपलीकडे टाकण्याच्या जुन्या पद्धतीकडे, परत गेला आणि तिच्यातूनच हळूहळू मागे झुकत गेला. म्हणजे या क्रांतीचे मूळ एका मुलाच्या न जमण्यात आहे.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळी वर्तमानपत्रात अशा उडीचे छायाचित्र मी पाहिले. तेव्हा मी नववीत होतो. आमच्या शाळेत वाळूचा हौद होता आणि दांडी म्हणून बांबू. घरी खळ्यावर भाताच्या पिंजराचा ढीग असे. त्याच्यावर मी दोन महिने पाठीवर पडण्याचा सराव केला. कात्रीने मी १.४० मीटर जात असे, पिंजरावर मी १.५२ मीटर ओलांडले. मोजायला धाकटा भाऊ होता, आणि तो माझ्या बाजूने खोटे बोलणारा नव्हता. तालुका स्पर्धेच्या सकाळी सरावाच्या उडीला मी वळण घेऊन धावलो, पाठ फिरवली आणि खांद्यांवर वाळूत आपटलो. आमचे पीटीचे सर धावत आले. “मान मोडून घ्यायची आहे का? ही काय उडी आहे? हा तमाशा आहे,” असे म्हणून त्यांनी यादीतून माझे नाव खोडले. त्या दिवशी पहिला आलेला मुलगा १.४५ मीटर गेला होता.

“ही काय उडी आहे” हे वाक्य मला आजही खुपते. मेक्सिकोला तेव्हा सोळा वर्षे होऊन गेली होती आणि जगातले जवळजवळ सगळे मोठे उडीपटू तसेच उडत होते. अर्थात बदल एका रात्रीत झाला नव्हता, हेही खरे. १९७२ मध्ये म्युनिकला सुवर्णपदक बेली रोल मारणाऱ्या युरी तारमाकने जिंकले. फॉसबरीच्या पद्धतीने पहिला विश्वविक्रम १९७३ मध्ये ड्वाइट स्टोन्सने केला, २.३० मीटरचा, आणि त्यानंतरही १९७८ मध्ये व्लादिमीर याश्चेंकोने जुन्याच पद्धतीने २.३४ मीटर उडी मारून विश्वविक्रम केला. तेव्हा जुनी पद्धत हरली ती उंचीत कमी पडली म्हणून नव्हे, तर ती शिकायला अवघड होती म्हणून, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशिक्षक मंडळींना हे ऐकायला आवडत नाही.

आता उडीनंतर ज्यावर पडायचे त्या गादीचे. अमेरिकेत वाळू आणि लाकडाच्या भुशाच्या जागी फोमच्या जाड गाद्या फॉसबरीच्याच सुमारास येऊ लागल्या होत्या. त्या नसत्या, तर फॉसबरीला कोणी अनुयायी मिळाला नसता. याउलट गोळाफेकीत पॅरी ओब्रायनने फेकीच्या दिशेला पाठ करून सुरुवात करण्याची रीत रूढ केली आणि १९५२ व १९५६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्याला कोणतेही नवे साहित्य लागले नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे एकच उत्तर सगळ्या खेळांना लावू नका.

तुमचा मुलगा किंवा मुलगी उडी मारत असेल, तर आधी शाळेकडे गादी मागा, पद्धतीवर नंतर बोला. वाळूवर ही उडी कोणीही मारू नये. तेवढ्यापुरते सर बरोबर होते, आणि मागच्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत मी त्यांना तसे सांगितलेही. पण कात्रीने उडी मारायला सांगून मला स्पर्धेत ठेवता आले असते. त्यावर त्यांनी जिलेबी आणखी वाढायला सांगितली.