वाचकांचे प्रश्न: आपल्याच भाषेचं स्पेलिंग कसं ठरवायचं?

प्रश्न: ताई, मी परभणीत कॉलेजला आहे अन् एका फँटसी कथेसाठी स्वतःची भाषा बनवायलोय. त्यात त-ट, न-ण, ल-ळ वेगवेगळे आहेत, ख-थ-ठ सारखे आवाजबी आहेत. लिहायचं रोमनमध्ये, मोबाईलवर. अक्षरांखाली टिंबं देऊ, कॅपिटल वापरू, का दोन-दोन अक्षरं जोडू?

उत्तर: पैठणची इंग्रजी पाटी आठव. पी-ए-आय-टी-एच-ए-एन. आपल्याला गाव माहीत आहे म्हणून आपण बरोबर वाचतो, पण बाहेरच्यानं ‘पैथन’ वाचलं तर त्याची काय चूक? टी-एचमध्ये थ पण अन् ठ पण, एनमध्ये न पण अन् ण पण. तुझी भाषा तर कुणालाच माहीत नाही, त्यामुळं वाचणाऱ्याच्या अंदाजावर काहीच सोडू नको.

कॅपिटल नकोच. आयट्रान्समध्ये, म्हणजे देवनागरी रोमन अक्षरांत टाइप करायच्या पद्धतीत, छोटा टी म्हणजे त अन् मोठा टी म्हणजे ट, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या क्लिंगॉन या बनवलेल्या भाषेतही छोटा अन् मोठा क्यू वेगळे आहेत, पण मोबाईल वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि नावं तर कॅपिटलनंच सुरू होतात, मग तुझ्या राजाचं नाव तनं सुरू होतं का टनं हे कळणार कसं?

टिंबं देखणी दिसतात, टायपिंगला मात्र त्रास. झामेनहॉफनं 1887 साली एस्परांतो ही स्वतः बनवलेली भाषा आणली तेव्हा सी, जी, एच, जे, एसवर टोप्या (^) घातल्या, आणि छापखान्यात टोपी नसली तर पुढं एच लावा म्हणाला. पण तिथं विमानतळाला ‘फ्लुगहावेनो’ म्हणतात, म्हणजे फ्लुग अधिक हावेनो, त्यातले जी आणि एच दोन वेगळ्या शब्दांचे, तरी जोडून वाचले जाऊ शकतात. म्हणून पुढं बरेच जण एचच्या जागी एक्स टाइप करायला लागले, कारण एस्परांतोच्या वर्णमालेत एक्स नाहीच, घोटाळ्याचा प्रश्नच मिटला. मला हा उपाय फार आवडतो.

तूही आधी रिकामी अक्षरं शोध. चीनच्या पिनयिननं, म्हणजे चिनी भाषा रोमनमध्ये लिहायच्या पद्धतीनं, 1958 मध्ये क्यू आणि एक्स इंग्रजीची पर्वा न करता स्वतःच्या आवाजांना दिले. तुझ्याकडं अक्षराला जोडायचा एच फक्त ख-थ-ठ साठी ठेव, अन् ट, ण, ळ साठी टी, एन, एलपुढं एक्स लाव, ठ म्हणजे टी-एक्स-एच. जरा काटेरी दिसेल, पण चुकीचं कुणी वाचणार नाही. नावं मऊ दिसायला हवी असतील तर ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी मूळ भाषांत ट, ण, ळ साठी आर-टी, आर-एन, आर-एल लिहितात तसं कर, पण तुझ्या भाषेत ‘सूर्त’ सारखे र-त जोडलेले शब्द असतील तर ते जमणार नाही.

म्हणून नियम ठरवायच्या आधी शब्दांची यादी काढ आणि दोन शब्द जोडल्यावर त-ह, र-त, र-न शेजारी येतात का ते बघ. येत असतील तर मधे अपॉस्ट्रॉफी टाक. मग कथा न वाचलेल्या मित्राला नियमांचा कागद अन् दहा-पंधरा नावं दे, मोठ्यानं वाचायला लाव, अन् तो जिथं अडखळेल तिथलं स्पेलिंग बदल.