पहिल्यांदाच कासवांच्या कामाला येतोयस, तर एवढं वाच

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला किनारा फिरायचा तो पहाटे, भरतीने माग पुसायच्या आत. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचा माग दिसला की वरच्या टोकाला घरटं शोधायचं. दिसलं तरी लगेच हात घालू नकोस, सोबतच्या जुन्या कासवमित्राला बोलाव. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधलं, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेलं आहे. वनखात्याने नेमलेल्या माणसांखेरीज कोणी अंड्यांना हात लावायचा नाही.

अंडी हलवणं हे सगळ्यांत नाजूक काम. घातल्यावर काही तासांतच गर्भ वरच्या बाजूला चिकटतो. म्हणून अंडं ज्या बाजूने वर होतं तसंच ठेवायचं, फिरवलंस तर आतला जीव गेलाच म्हणून समज. हॅचरीतला (अंडी सुरक्षित ठेवायच्या राखलेल्या जागेतला) खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल आणि तसाच सुरईच्या आकाराचा खणायचा. वाळू जास्त तापली तर माद्याच अधिक निपजतात, तेव्हा जागा निवडताना हेही बघ.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. ती उचलून थेट पाण्यात सोडायची नाहीत. वाळूवरून त्यांची ती चालू देत. त्या वेळी किनाऱ्यावर टॉर्च, फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात. पर्यटक ऐकत नाहीत, तिथे थोडं खडसावलंस तरी चालेल.

आणि कोळ्यांना शिकवायला जाऊ नकोस. अडकलेलं कासव सोडवायला जाळं कापावं लागलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळायची सरकारी योजना २०१८ मध्ये सुरू झाली. जाळं कापण्याआधी फोटो काढायला मात्र त्यांना आठवणीने सांग.