आधी सांधे बघा, रंगाचं नंतर

वाचकांचे प्रश्न : जुनं फर्निचर, घरच्या घरी

मागच्या अंकात जुन्या फर्निचरबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढी पत्रं आली की सगळी छापायची तर अख्खा अंक त्यातच जाईल, म्हणून पाच घेतलीत. बहुतेकांनी पहिल्याच ओळीत विचारलंय, कुठला रंग मारू? मी आधी विचारणार की वस्तू कशाची आहे, हलतेय का आणि वर आधीचं काय लावलंय. एवढं कळलं की अर्धं काम झालंच समजा. आपल्या सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा नुकतीच संपलीये, ऊन अजून सोसवतंय, गच्चीवर बसून काम करायला हेच दिवस चांगले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर गेला की रंग नीट पसरायच्या आत वरून सुकतो, सुरकुत्या पडतात, मग लोक म्हणतात रंगच खराब निघाला.

ताई, शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची वाटणी झाली, माझ्या वाट्याला आजोबांचं लिहायचं टेबल आलं. काळंकुट्ट झालंय, एक पाय हलतो, वर कपाचे पांढरे गोल डाग. मिस्टर म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाक. मला पांढरा रंग मारून मुलीला अभ्यासाला द्यायचंय. आजवर मी साधा खिळासुद्धा ठोकलेला नाही. जमेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

जमेल हो, आणि भंगारात तर अजिबात देऊ नका! टेबल आडवं करा आणि खालच्या बाजूला, जिथं पॉलिश पोचलेलं नसतं तिथं, १२० नंबरचा पॉलिश पेपर थोडा घासून बघा. आतून सोनेरी तपकिरी लाकूड निघालं, मधे गडद रेषा, हाताला किंचित तेलकट आणि घासताना चामड्यासारखा वास आला तर ते सागवान आहे. जुनं मुरलेलं सागवान आज वखारीत विचारायला गेलात तर भाव ऐकूनच परत याल, आणि ते तुमच्या घरात फुकट उभं आहे.

आता हलणारा पाय. इथं सगळे घाई करतात, वरून एक खिळा ठोकतात आणि लाकूड चिरतं. तसं करू नका. जुन्या टेबलांचे सांधे बऱ्याचदा सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा जुन्या पद्धतीचा गोंद, लावून बसवलेले असतात, आणि आपल्या कोरड्या हवेत इतक्या वर्षांत लाकूड आक्रसतं, सरस ठिसूळ होतो, सांधा सुटतो. लाकूड शाबूत असतं, फक्त सरसाची पकड गेलेली असते. आधी सगळ्या पायांवर आणि पट्ट्यांवर पेन्सिलीनं नंबर घाला, कारण सुटे झाल्यावर चारही पाय सारखेच दिसतात. मग सांध्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरा, सरस मऊ पडतो. हातोडी थेट मारायची नाही, मधे लाकडाचा तुकडा धरून हलके हलके ठोकत पाय बाहेर काढा. दोन्ही बाजूंचा जुना सरस पूर्ण खरवडून काढायचा, यात कंटाळा करू नका, कारण फेव्हिकॉल कोऱ्या लाकडाला धरतो, जुन्या सरसावर तो नुसता बसून राहतो आणि महिन्याभरात पाय परत हलायला लागतो. सागवान मुळात तेलकट, म्हणून जोडायच्या आधी त्या जागेवर थिनरचं फडकंसुद्धा फिरवून घ्या.

सुताराकडे सांधा आवळून धरायला शिकंजा (क्लॅम्प) असतो, आपल्याकडे नसतो, काही बिघडत नाही. चारही पायांभोवती नायलॉनची दोरी दुहेरी बांधा, मधे एक काठी घाला आणि पीळ देत जा, दोरी आवळेल तसा सांधा मिटत जातो आणि जास्तीचा फेव्हिकॉल कडेनं बाहेर येतो, तो ओल्या फडक्यानं लगेच पुसा. दोरीखाली पुठ्ठा ठेवायला विसरू नका, नाहीतर लाकडावर वळ उठतात. मग टेबल सपाट फरशीवर उभं करून चारही पाय टेकतायत ना ते बघा, कारण एकदा वाळलं की वाकडं ते वाकडंच. पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही.

आता वरचं काळं. ते लाकूड काळं नाहीये, जुन्या पॉलिशवर बसलेला मळ आणि धूर आहे. कापसावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात घासा. चिकट होऊन तपकिरी रंग कापसावर आला तर वर चपड्याचं पॉलिश आहे, म्हणजे लाखेचं, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो. स्पिरिटनं काही झालं नाही आणि थिनरनं विरघळलं तर लॅकर, म्हणजे फवारून मारतात ते पॉलिश. दोन्हीला दाद दिली नाही तर व्हार्निश किंवा ऑइल पेंट असणार, तिथं मग घासायलाच लागतं. तुमचे ते पांढरे गोल डाग ऐकून मला तरी चपडाच वाटतोय, त्याला गरम आणि ओलं सोसत नाही, ओल शिरून तो पांढरा पडतो. तसं असेल तर घासायची गरजच नाही, स्पिरिट आणि सुती चिंधीनं जुना थर उतरवत जा, डाग त्याच्याबरोबरच जातात. उरलंसुरलं १८० आणि मग २२० नंबरनं, कायम रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं तर तेव्हा दिसत नाही, पॉलिश चढलं की प्रत्येक ओरखडा डोळ्यात येतो.

नवा थर द्यायला एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १२० ते १५० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घाला, सकाळी गाळून घ्या. लोखंडी डबा नको, पॉलिश काळवंडतं. मऊ सुती कापडात कापूस बांधून बोळा करायचा आणि पातळ पातळ हात, म्हणजे थर, मारायचे, एका जागी थांबायचं नाही, एका हातानंतर दुसरा मारायच्या आधी अर्धा तास जाऊ द्या. ऊन चढायच्या आत सकाळी करा, दुपारी स्पिरिट इतकं झपाट्यानं उडतं की बोळा लाकडाला चिकटतो. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, स्पिरिट पेट घेतं, जवळ गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा काही नको.

पांढरा रंग? माझं मत विचारत असाल तर नको. सागाचा रंग वर यायला लागला की मुलीला स्वतःलाच तो आवडेल असं मला वाटतं. पण टेबल तुमचं आहे, मारायचाच असेल तर खाली चपड्याचे दोन हात देऊन मगच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लावा, नाहीतर सागाचं तेल आणि रंग वर येऊन पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात. पॉलिशच ठेवलं तर वर काच टाका, अभ्यासाच्या टेबलावर पाण्याची बाटली येणारच.

लग्नातलं लोखंडी कपाट आहे, खालून गंजलंय, दारावर रंगाचे पोपडे. मीच रंगवलं तर चालेल का? घरात दोन वर्षांचं नातवंड आहे.
– एक आजी, साखर पेठ

आजी, कपाट तुम्ही नक्की रंगवू शकता, पण नातवंडाचं सांगितलंत ते बरं झालं. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत हवं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. म्हणून कोरडं घासायचंच नाही. पाणी पेपर घ्या, ३२० नंबरचा, ओला करून घासा, म्हणजे धूळ उडत नाही, चिखलासारखा गाळ होतो, तो फडक्यानं पुसून फडक्यासकट पिशवीत बांधून टाका. पाणी जपून वापरावं लागतं हे मला माहिती आहे, पण याला बादलीभरसुद्धा लागत नाही, एक तांब्या पुरतो. तोंडाला एन-९५ मास्क, बाळ त्या दिवशी दुसऱ्या घरी, आणि गाळाचं पाणी कुंडीत ओतायचं नाही.

गंजाची जागा तारेच्या ब्रशनं, पाणी मारत मारतच, चमक दिसेपर्यंत घासा, लगेच कोरडी करा, थिनरनं पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावा. उद्यावर टाकलंत तर ओल्या लोखंडावर रात्रीतून परत गंज धरतो. प्रायमर वाळला की खड्डे पुटीनं भरा, परत हलका पेपर, मग इनॅमलचे दोन पातळ हात, मधे एक रात्र. जाड हात एकच मारून मोकळं होऊ असं वाटतं पण तो ओघळतो. आणि दारं आठवडाभर पूर्ण लावू नका, वरून सुकलेला रंग आतून ओला असतो, दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना रंग सोलून निघतो.

दादांच्या लाकडी पलंगाखाली रोज पिठासारखा भुसा पडतो. उन्हात टाकला तर जाईल का?
– एक वाचक, विजापूर वेस

हे किडीचं काम आहे, पण ती अजून जिवंत आहे का ते आधी बघू. भुसा झाडून खाली काळा कागद अंथरा आणि आठ दिवसांनी बघा. परत पडला तर कीड जिवंत आहे, नाही पडला तर ती जुनी भोकं असतील, नुसती पुटीनं बुजवा. उन्हावर भरवसा ठेवू नका, वरचं लाकूड तापून तडकेल पण आतपर्यंत उष्णता पोचत नाही. रॉकेल ओतायचा सल्लाही सगळे देतात, झोपायच्या पलंगाला वास आणि आगीची भीती कशाला लावून घ्यायची! लाकडाच्या किडीचं औषध मिळतं, ते उघड्यावर, हातमोजे घालून, सुईनं भोकात आणि ब्रशनं पॉलिश नसलेल्या बाजूला लावायचं, डब्यावर लिहिलंय तेवढे दिवस पलंग वापरायचा नाही. त्याआधी स्क्रूड्रायव्हरनं पाय टोचून बघा, टोक आत घुसलं तर तो पाय गेलाय, वखारीतून तुकडा आणून बदलूनच घ्या.

आईची जुनी सोलापुरी चादर आहे, मधे विरलीये. ती डायनिंगच्या खुर्च्यांना लावावी असं मनात आहे पण कात्री लावायला हात धजावत नाही.
– एक वाचक, होटगी रोड

तुमचं पत्र वाचून मला खूप बरं वाटलं. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, जगात आपण मिरवतो तिला, आणि घरोघरी मात्र विरली की ती पुसायला जाते. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली जाड सुती चादर, खुर्चीला याच्यापेक्षा चांगलं कापड शोधून सापडणार नाही. चादर मधे विरते कारण अंग तिथं घासतं, कडेचं कापड तसं घट्टच राहतं, ते वापरायचं.

हिशोब असा, १८ इंची बैठक, दोन इंची फोम आणि खाली दुमडायला दोन इंच, म्हणजे २६ इंची चौकोन. ६० बाय ९० ची चादर असेल तर सहा निघतात, विरलेला भाग सोडला तरी कडेकडेनं चार निघाव्यात. आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करा, सुती कापड नंतर आटलं तर कोपरे सुटतात. कापायच्या आधी नक्षी बैठकीच्या बरोबर मधे येतेय का बघा आणि चारही तुकड्यांची वरची बाजू खडूनं खूण करा, चार खुर्च्या शेजारी ठेवल्यावर एकीचं फूल उलटं असलं की लगेच नजरेला खटकतं. कापलेल्या कडांना शिलाईवाल्याकडून ओव्हरलॉक मारून आणा, याचे धागे फार सुटतात. फोमवर आधी मांजरपाट ताणून लावा म्हणजे चादर फोमवर घासून विरत नाही. मग बैठक पालथी करून स्टेपल गननं चारही बाजूंच्या मधोमध एकेक पिन मारा, उलटवून नक्षी सरळ आहे का बघा, आणि तिथून कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं आणि ते शेवटपर्यंत सरळ होत नाही. पिना १० एमएमच्या घ्या, चादर दुमडली की छोटी पिन लाकडापर्यंत पोचतच नाही.

मधला विरलेला तुकडा ठेवा बरं का, पॉलिशच्या बोळ्याला तितकं मऊ कापड दुसरं नाही.

लाकडाला घरातलं शेंगदाणा तेल चोळलं तर चमक येते असं ऐकलंय, खरं का?
– एक विद्यार्थी, सात रस्ता

दोन दिवस येते, मग धूळ चिकटते आणि खवट वास सुटतो, कारण शेंगदाणा, खोबरेल ही तेलं हवेत वाळत नाहीत. जवसाचं वाळतं, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा पापुद्रा बनतो, म्हणून लाकडाला पिढ्यान्पिढ्या तेच लावतात. आपल्याकडची करडईसुद्धा त्याच जातीतली पण फार हळू वाळते, नवशिक्यानं जवसच घ्यावं. अगदी थोडं लावा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून काढा, पहिला हात पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात. फक्त एक सांभाळ, पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवस वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटते, त्यात आपलं ऊन. चिंध्या एकेक करून बाहेर दोरीवर पसरव, कडक वाळल्या की मगच कचऱ्यात टाक.