'गुणसूत्रबिंदू' हा बिंदू आहे का?

प्रश्न असा आहे. मानवी गुणसूत्रांवरील एका लेखाचा अनुवाद करताना एका वाचकाने 'गुणसूत्रबिंदूतील लाखो अक्षरे' असे लिहिले आणि लिहिल्यावर त्यांनाच ते खटकले. लांबी-रुंदी नसलेला तो बिंदू, असे आपण भूमितीत शिकतो. मग त्यात डीएनएची लाखो अक्षरे, म्हणजे त्याच्या साखळीतले एकेक रासायनिक घटक, मावतील कशी? म्हणून सेंट्रोमिअरला, म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्र जेथे धरून ओढले जाते त्या जागेला, 'गुणसूत्रबिंदू' न म्हणता 'मध्यखंड' म्हणावे का, असे त्यांनी विचारले आहे.

त्यांना जे खटकले ते रास्त आहे, पण त्यावरचा उपाय 'मध्यखंड' हा नव्हे. सेंट्रोमिअर मध्यावरच असतो असे नाही. माणसाच्या 13, 14, 15, 21 व 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांत आणि वाय गुणसूत्रात तो एका टोकाच्या जवळ असतो आणि अशा गुणसूत्रांना आपली शालेय पाठ्यपुस्तके 'अग्रकेंद्री' म्हणतात. अग्राजवळच्या भागाला 'मध्यखंड' म्हणणे शब्दाच्या अर्थाशी विसंगत होईल.

मूळ शब्द सिरिल डार्लिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने 1936 मध्ये रूढ केला. ग्रीक 'केंट्रॉन' म्हणजे टोचणारे टोक, बैलाची पराणी, आणि त्यावरून कंपासचे कागदात रोवलेले टोक. 'मेरॉस' म्हणजे भाग. हाच 'केंट्रॉन' ज्योतिषाच्या वाटेने फार पूर्वी संस्कृतात आला आणि 'केंद्र' झाला, म्हणजे 'सेंट्रोमिअर'मधला 'सेंट्रो' आणि आपले 'केंद्र' ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, ही गोष्ट मला नेहमीच फार सुंदर वाटत आली आहे. 'मध्यकेंद्री', 'अग्रकेंद्री' या विशेषणांत मराठीने ते केंद्र राखले आणि नामात मात्र 'बिंदू' घेतला. 'गुणसूत्रकेंद्र' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने अधिक जवळचा ठरला असता, परंतु पेशीविभाजनाच्या वर्णनात 'केंद्रक' आणि 'तारककेंद्र' हे पेशीच्या इतर भागांचे शब्द वारंवार येतात आणि त्यांच्या शेजारी तिसरे केंद्र आले असते तर वाचकाचा गोंधळ उडाला असता. सूक्ष्मदर्शकाखाली ही जागा गुणसूत्राच्या दोन भुजांमध्ये दबलेली, चिमटीत धरल्यासारखी दिसते, त्यामुळे 'बिंदू' हा शब्द डोळ्यांना पटणाराही आहे.

अडचण येते ती डीएनएच्या पातळीवर उतरल्यावर. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये हा भाग जेमतेम 125 अक्षरांचा असतो आणि त्याला संशोधकही बिंदुरूप सेंट्रोमिअरच म्हणतात. माणसात मात्र 171 अक्षरांचा एक तुकडा थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत राहतो आणि त्याचा पट्टा काही लाखांपासून काही दशलक्ष अक्षरांपर्यंत लांब असतो. ही पुनरुक्ती इतकी एकसुरी आहे की 2003 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झालेल्या मानवी जनुकसंचाच्या वाचनात हे पट्टे वगळावे लागले होते. ते सलगपणे वाचले गेले ते 2022 मध्ये. रेशीमकिड्याची गोष्ट तर याहून निराळी आहे: त्याच्या गुणसूत्राला एकच अशी जागा नसते, तर त्याच्या सर्व लांबीवर गुणसूत्र ओढणारे धागे जोडले जातात, आणि तेथे 'बिंदू' म्हणण्याचा प्रश्नच उरत नाही.

तर मग गुणसूत्रबिंदू म्हणजे हा लांब पट्टाच, असे म्हणावे का? तसेही म्हणता येत नाही, आणि या शब्दाचा खरा कस येथेच लागतो. 1993 मध्ये माणसाच्या 10 क्रमांकाच्या गुणसूत्राचे असे एक रूप वर्णिले गेले की ज्यात नेहमीचा पुनरुक्त पट्टा नसतानाही नव्या ठिकाणी गुणसूत्रबिंदू तयार झाला होता आणि तो आपले काम करत होता. याचा अर्थ असा की जागा अक्षरांवरून ठरत नाही. ती प्रथिनांवरून ठरते. पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या फिरक्यांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांच्या एका फिरकीवर सुमारे 147 अक्षरांचे पावणेदोन वेढे बसतात आणि या वेढे घातलेल्या फिरकीला न्यूक्लिओसोम म्हणतात. गुणसूत्रबिंदूपाशी यांपैकी काही फिरक्यांत एच-3 या नेहमीच्या हिस्टोनच्या जागी त्याचेच एक वेगळे रूप, सेंप-ए, बसलेले असते. सेंप-ए, सेंप-बी आणि सेंप-सी ही प्रथिने 1985 मध्ये ओळखली गेली ती त्वचा कठीण होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजाराच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांच्या साहाय्याने, कारण ती प्रतिपिंडे नेमकी याच जागेला जाऊन चिकटत असत.

सेंप-ए ज्या फिरकीत आहे ती सेंप-सी ओळखते, त्याभोवती आणखी प्रथिने जमून एक पाया तयार होतो, आणि त्या पायावर कायनेटोकोर नावाची पकड उभी राहते. गुणसूत्राला पेशीच्या ध्रुवाकडे ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका त्या पकडीत येतात. सेंप-बी पट्ट्यातील 17 अक्षरांची एक ठरावीक खूण वाचून तेथे बसते, पण मानवी वाय गुणसूत्रात ती खूणच नसते आणि तरीही त्याची वाटणी होते. त्याहून विलक्षण आहे तो या जागेचा वारसा. डीएनएची प्रत निघते तेव्हा जुने सेंप-ए दोन्ही प्रतींत वाटले जाते आणि प्रत्येकीत निम्मे उरते. विभाजन संपल्यावर एचजेयूआरपी हे सोबती प्रथिन नवे सेंप-ए आणून ही तूट भरून काढते, आणि जेथे जुने आहे त्याच्या आसपासच ते बसवले जाते. पुढच्या पिढीतील पेशीला गुणसूत्रबिंदूचा ठावठिकाणा सांगण्याचे काम अशा रीतीने मुख्यतः प्रथिन करते.

हे ध्यानात घेतले की 'बिंदू' हा शब्द मला चुकीचा वाटत नाही. मराठीत बिंदू केवळ भूमितीतला नसतो. 'आरंभबिंदू' किंवा 'चर्चेचा केंद्रबिंदू' म्हणताना आपल्या मनात लांबी-रुंदीचा विचार नसतो, निश्चित झालेले स्थान असते. गुणसूत्रबिंदू हेही असेच प्रथिनांनी निश्चित केलेले स्थान आहे. खटकण्याचे कारण नामात नसून '-तील' या रूपात आहे. बिंदूला 'वर', 'पाशी', 'पासून' सहज लागतात, पण '-त' आणि '-तील' लागले की सामावून घेणारी जागा डोळ्यांसमोर येते आणि बिंदू सामावून घेऊ शकत नाही. अक्षरांची लांबी सांगायची असेल तेथे 'गुणसूत्रबिंदूचा पट्टा' म्हणावे, प्रथिने कोठे बसतात हे सांगायचे असेल तेथे 'गुणसूत्रबिंदूपाशी' म्हणावे, आणि कायनेटोकोरसाठी 'गुणसूत्रबिंदू' कधीही वापरू नये, कारण एक जागा आहे आणि दुसरी त्या जागेवर उभारलेली रचना आहे. ग्रीकात 'कायनेटो' म्हणजे गती आणि 'खोरोस' म्हणजे स्थान. त्यावरून 'गतिस्थान' असा शब्द घडवता येईल, पण त्यातही पुन्हा स्थानच येते, म्हणून मी 'कायनेटोकोर' तसाच ठेवीन.

वाचकाचे वाक्य असे करता येईल: 'गुणसूत्रबिंदूचा पट्टा लाखो अक्षरांचा असतो, परंतु सेंप-ए त्या पट्ट्याच्या एका भागातील काही न्यूक्लिओसोमांतच असते आणि कायनेटोकोर तेथेच उभा राहतो.'