सेवामुक्तीच्या दाखल्यातील दुरुस्ती

प्रश्न : माझे थोरले बंधू अमेरिकी लष्करातून सेवामुक्त झाले, त्यांच्या डीडी-२१४ या दाखल्यावर इराकमधील तैनाती व एक पदक नोंदलेलेच नाही. काय करावे?

उत्तर : मूळ दाखला सहसा बदलत नाहीत, डीडी-२१५ हे दुरुस्तीपत्र त्यास जोडले जाते. आधी त्यांनी आपल्या संपूर्ण सेवानोंदी मागवाव्यात, कारण पदकाचा आदेश किंवा त्या महिन्यांचा धोका-भत्ता दाखवणारे पगारपत्रक हाती आले, की निम्मे काम झालेच. सहकाऱ्यांच्या आठवणींना तेवढे वजन नसते. दुरुस्तीच्या मागणीस नकार आल्यास डीडी-१४९ हा अर्ज भरून लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळाकडे दाद मागता येते. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची मुदत असली, तरी न्यायाच्या दृष्टीने मंडळ ती शिथिल करू शकते. अर्जास प्रतीच जोडाव्यात, मूळ कागद नव्हेत.