पुण्यातल्या फ्लॅटमध्ये भिंत काढून हॉल मोठा करायचाय, महापालिकेची परवानगी लागते का?

फरशी, रंग, प्लास्टर यासाठी लागत नाही. सोसायटीला मात्र लेखी कळवा.

भिंतीचं तसं नाही. आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत कॉलममधली विटांची भिंत सहसा भार घेत नाही, पण पेठांतल्या जुन्या लोड-बेअरिंग इमारतीत तीच भिंत वरचा मजला पेलते. ठोकून बघून हे कळत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा आणि त्याचा दाखला घ्या. नवी भिंत उभारतानाही विचारा: दहा फूट उंचीची चार इंची विटांची भिंत प्लास्टरसह लांबीच्या दर फुटाला सुमारे २०० किलो भरते. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) घेतलेत तर हा भार बराच कमी होतो.

कॉलम-बीमला हात, टेरेस झाकून खोली, वाढीव बांधकाम असेल तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ४४ खाली परवानगी हवीच. नाहीतर बेकायदा बांधकाम काढण्याची कलम ५३ची नोटीस येते. अर्ज परवानाधारक आर्किटेक्टमार्फत करा. आधी मंजूर नकाशाची प्रत काढून घराशी ताडून पाहा. आधीच्या मालकाने केलेला बदल नकाशात नसला की फाईल तिथेच अडते. शहराच्या हद्दीबाहेरच्या गावांत अर्ज पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) जातो.